दाणा दाताखाली वाजला पाहिजे

सोयाबीनची रास खळ्यावर पडली की आमचे वडील मुठीतला एक दाणा दाताखाली धरायचे. कट्ट वाजला तर माल कट्ट्यांत भरायचा. नुसताच दबला तर पुन्हा ताडपत्रीवर. आज बाजार समितीत ते काम ओलावा मोजणारं यंत्र करतं, आणि दोन-तीन एकरवाल्या घराचं वर्ष त्या आकड्यावर ठरतं.

हमीभावाच्या खरेदीत ओलावा 12 टक्क्यांच्या आत लागतो. 2024 च्या हंगामात केंद्र सरकारने ती मर्यादा 15 टक्क्यांपर्यंत सैल केली होती, पण त्या हंगामापुरतीच. हमीभाव तेव्हा क्विंटलला 4,892 रुपये होता. ओला माल घेऊन आलेला शेतकरी खरेदी केंद्रावरून परत फिरतो आणि मिळेल त्या भावात आडतीवर घालतो.

एक हिशेब माझ्याबरोबर करा. एक क्विंटल सोयाबीनमध्ये 18 टक्के ओलावा आहे. म्हणजे 18 किलो पाणी, 82 किलो कोरडा माल. तोच माल 12 टक्क्यांपर्यंत वाळला की साधारण 93 किलो भरतो. घट झाली 7 किलोंची. भाव 4,000 रुपये धरला तर ती 280 रुपयांची. वाळवणीचा खर्च आणि जोखीम म्हणून खरेदीदाराने वर थोडं धरलं, तर तेही समजू शकतं. पण सातशे-आठशे कापले जात असतील, तर ते कशाचे, हे विचारलंच पाहिजे. काडीकचरा, माती, डागी दाणे यांची कपात वेगळी सांगायला लावा.

मग शेतकरी माल वाळवूनच का नेत नाही? कारण त्याच्याजवळ ते आठ दिवस नसतात. पीक उभं ठेवलं तर शेंगा तडकून दाणे रानातच सांडतात. कापून बनीम लावली आणि आश्विनातला पाऊस आत शिरला, तर ढीग आतून तापतो, दाणा काळवंडतो. त्यात मळणीवाल्याचे पैसे, कृषी सेवा केंद्राची उधारी, हरभऱ्याचं बियाणं, तोंडावर दिवाळी. मोठा शेतकरी गोदामात थांबू शकतो. लहान शेतकरी ओला माल घेऊन निघतो. त्याच्या मालाचा दर्जा कमी पडतो, तो बहुतेक वेळा या घाईपायी.

आणि सोयाबीन घरात शिजत नाही. याच रानात पूर्वी खरीप ज्वारी, मूग, उडीद होता. ज्वारी पावसाने काळी पडली तरी निवडून-पाखडून घरी खपायची, उरलेली जनावरांपुढे जायची. डागी सोयाबीनला घरात वाटच नाही. त्याचा पडलेला भाव थेट किराण्याच्या यादीवर उतरतो, आणि यादीतली पहिली काट डाळीवर बसते. रेशनवर महिन्याला माणशी 5 किलो धान्य मिळतं. डाळ दुकानातूनच आणावी लागते. म्हणून सोयाबीनच्या ओळींत तुरीची ओळ सोडू नका, आणि ती तूर विकण्याआधी घरची वर्षाची डाळ बाजूला काढा. हे मी अगदी कळकळीने सांगतो आहे.

थांबण्यासाठी एक आधार आहे. राज्य कृषी पणन मंडळाची शेतमाल तारण कर्ज योजना 1990-91 पासून चालू आहे. बाजार समितीच्या गोदामात सोयाबीन ठेवलं की किमतीच्या 75 टक्क्यांपर्यंत रक्कम 6 टक्के व्याजाने सहा महिन्यांसाठी मिळते. पण गोदामातही वाळलेलाच माल लागतो. ओला माल थप्पीत बुरशी धरतो.

मंडळी, सांजच्याला आभाळ भरून आलं की ताडपत्री ओढायला आधी धावतात त्या घरातल्या बायका. सुपाने पाखडून कचरा काढतात त्याही त्याच. तेव्हा ओलावा मोजायचं यंत्र गावच्या बचतगटाने घ्यावं, असं मला वाटतं. कट्टे शिवण्याआधी त्यांच्याच हातून मोजणी होऊ द्या. आकडा तारखेसकट कागदावर लिहा, आणि सौद्याच्या वेळी आडत्यासमोर तो कागद ठेवा.