खोगिराखाली हात घालून पाहा
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



चिटणीसबाईंनी मला चार शब्द बोलावयास सांगितले, तेव्हा मी प्रथम नाहीच म्हटले. माझे शिक्षण सातवीपर्यंत. लोणच्या-पापडांवर बोलावे, तर ती तुम्हांला माझ्याहून चांगली येतात. मग त्याच म्हणाल्या, "तुमच्या घरी घोडे आहेत, त्यांवर बोला." आपल्या माथेरानात पाहुण्यांची मोटार दस्तुरी नाक्यापुढे येत नाही, त्यामुळे घोड्यावर पोट असलेली घरे येथे बरीच. म्हणून बोलते. चुकले तर सांभाळून घ्यावे.

आमची राणी नावाची तांबडी घोडी आहे. लग्न होऊन आल्यापासून घोड्यांचे दाणापाणी आणि खरारा माझ्याकडे. पण खोगीर-लगाम हे पुरुषांचे काम, अशी आमच्याकडे समजूत. २०१९ च्या उन्हाळ्यात तंग आवळू लागले की राणी कान मागे पाडू लागली. पुढे दात दाखवू लागली, आणि एके दिवशी तिने यजमानांच्या दंडाला चावा घेतला. सासूबाई म्हणाल्या, "माजली आहे. दाणा कमी करा." यजमानांनी कुणाचा तरी काटेरी लगाम मागून आणला. संध्याकाळी राणी परत आली तेव्हा तिच्या तोंडाचा फेस तांबूस होता. मी तो पाण्याने धुतला आणि गप्प बसले. ते गप्प बसणे मला अजून खाते.

थोड्याच दिवसांनी गुरांचे डॉक्टर घोडे तपासावयास आले. त्यांनी खोगीर उतरवून राणीच्या पाठीवर नुसती बोटे फिरवली, तर ती पोटापर्यंत खाली दबली. मानेच्या मुळाशी खांद्यावर जो उंचवटा असतो, तेथे कातडी सोलून सूज आली होती. खोगिराखालची घडी हातात घेऊन डॉक्टरांनी विचारले, "ही गोधडी कोणाची?"

गोधडी माझी होती. खोगीर जुने, दुसऱ्या घोड्यावरचे, राणीला अरुंद. तिला टोचू नये म्हणून मीच मायेने गोधडीची चौपदरी घडी खाली घातली होती. डॉक्टर म्हणाले, "बाई, चप्पल घट्ट होते म्हणून आत जाड मोजा घातलात तर पाय सुटेल की आणखी आवळेल?" शिवाय घडीची जाड शिवण नेमकी त्या उंचवट्यावर येत होती. माझा टाका आणि तिची जखम एका रेषेत.

राणीला दीड महिना खोगीर लावावयाचे नाही, असे ठरले. आणि तोही ऐन मे महिन्यात! घरात किती बोलणी झाली ते सांगत नाही. माझी भिशी त्याच महिन्यात लागली म्हणून निभावले. यजमान आठ दिवस माझ्याशी बोलले नाहीत. नवव्या दिवशी मात्र स्वतःच खोगीर घेऊन कारागिराकडे गेले. त्याने ते उसवून आतले गोळे झालेले भरण काढले, मधली खाच रुंद केली आणि नवे भरण घातले. आपण कुचकामाच्या वस्तूंना खोगीरभरती म्हणतो. म्हणणाऱ्याने ते खोगीर स्वतःच्या पाठीवर घेतले नसावे.

तेव्हापासून मी स्वतः पाहते. माणूस बसल्यावर खोगीर आणि तो उंचवटा यांत दोन-तीन बोटे सहज गेली पाहिजेत. पाठीच्या कण्यावर कशाचाच भार नको. तो दोन्ही बाजूंच्या मांसल भागावर पडावा आणि शेवटच्या बरगडीच्या मागे जाऊ नये. तंग एकदम आवळू नये, थोडा थोडा आवळावा. फेरीनंतर खोगीर काढले की घामाचा ठसा बघावा. सगळी पाठ भिजलेली आणि मध्येच एक कोरडा डाग दिसला, तर मी पूर्वी म्हणे, बरे झाले, येथे घाम नाही. पण तेथे दाब फार पडून घाम अडलेला असण्याचा संभव असतो.

लगामाचेही तसेच. घोड्याच्या पुढच्या दातांच्या आणि दाढांच्या मध्ये मोकळी जागा असते, तेथे लोखंड बसते. त्या जागी हाडावर कातडी अगदी पातळ. काटेरी लगाम वापरणे १९६५ च्या सरकारी नियमांनीच बंद केलेले आहे, हेही मला डॉक्टरांकडून कळले. आमच्याकडचा तो लगाम मी परत दिला नाही. देणाऱ्याने अजून मागितलाही नाही.

आता आमचा धाकटा मुलगा एक शिंगरू शिकवतो आहे. सासूबाईंच्या काळी बांधून, मारून, दमवून घोडा "फोडीत". हा निराळे करतो. मोहोरकीची दोरी हलकेच ओढतो, आणि शिंगराने एक पाऊल टाकले की त्याच क्षणी दोरी सैल सोडतो. ओढण्याने ते शिकत नाही, सैल सोडण्याने शिकते, असे तो म्हणतो. मागाहून मारले तर ते कशासाठी, हे त्याला कळतच नाही. समोरून एकदम तोंडावर हात नेऊ नये. अगदी नाकासमोरचे घोड्याला दिसत नाही. पाठीवर आधी नुसते घोंगडे, मग रिकामे खोगीर, असे महिनोन् महिने चालले आहे. पाठीचा कणा पक्का होण्यास पाच वर्षांवर लागतात, म्हणून इतक्यात माणूस बसवीत नाही. शेजारी हसतात. डिसेंबर २०२२ मध्ये येथे ई-रिक्षा सुरू झाल्यापासून घोडे शिकवून करायचे काय, असेही विचारतात. त्याचे उत्तर माझ्यापाशी नाही.

राणी बरी झाली. जखमेच्या जागी मात्र पांढरे केस आले. गेल्या हंगामात एका पाहुण्यांच्या मुलीने विचारले, "काकू, हिच्या अंगावर या चांदण्या जन्मापासून आहेत का?" मी तिला खरे ते सांगितले. तिच्या आईला ते फारसे आवडले नाही.

आपल्या शिवणवर्गात गोधड्या होतात, त्यांतल्या काही घोड्यांखाली जातात हे मला ठाऊक आहे. येत्या गुरुवारी मी लोकरीची जाड घोंगडी घेऊन येते. मधे शिवण न येता, कण्यावर उंच राहील अशी घडी कशी बेतावयाची ते एकत्र बसून पाहू. ज्यांच्या घरी घोडा आहे त्यांनी घोड्याच्या पाठीचे माप दोरीने घेऊन यावे.