आधी अंदाज सांगा, मग बोट लावा

आम्ही घाटकोपरच्या असल्फा भागातल्या बचत गटाच्या बाया बोलतोय. डोंगराच्या उतारावर आमची घरं, खाली मेट्रोचं स्टेशन. आमच्यातल्या बऱ्याच जणी सातारा, सांगली, कोकणातून लग्न होऊन इथं आल्या. म्हणून तुम्ही गावाकडच्या गटातल्या बाया आम्हाला परक्या नाही.

आज सांगायचंय मोबाइलमधल्या प्रयोगशाळेबद्दल. सुरुवात झाली ती गटाच्या बैठकीत. एका ताईची मुलगी नववीत. विज्ञान नको म्हणायला लागली. का, म्हणून विचारलं, तर म्हणाली, "बाई प्रयोग करून दाखवतात, पण मागच्या बाकावरून मला फक्त बाईंची पाठ दिसते." घरी मोबाइल एकच, आणि संध्याकाळी तो भावाच्या हातात.

तेव्हा आम्ही ठरवलं. बैठकीत बचतीचे पैसे जमा झाले, वहीत नोंद झाली की अर्धा तास मोबाइल मुलींना द्यायचा. आणि आपणही शेजारी बसायचं.

आमच्याजवळच एक मोठं काम झालेलं आहे. मेट्रोने अंधेरीला उतरलं की पुढे जुहूला सी-डॅक ही सरकारी संस्था आहे. सी-डॅक मुंबई आणि अमृता विश्व विद्यापीठ यांनी मिळून 'ओलॅब्ज' तयार केलं. नववी ते बारावीचे प्रयोग त्यात आहेत, मराठीतही आहेत, आणि पैसे पडत नाहीत. प्रयोगामागचं शास्त्र, कृती, स्वतः करून बघायचा प्रयोग आणि शेवटी तोंडी परीक्षेसारखे प्रश्न, असं सगळं एका जागी मिळतं. दुसरं आहे 'फेट'. नोबेल मिळालेले शास्त्रज्ञ कार्ल वाइमन यांनी अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठात २००२ साली ते सुरू केलं. त्यातलेही बरेच प्रयोग मराठीत आहेत. एकदा उतरवून घेतले की नेट नसतानाही चालतात. रेंज नसलेल्या गावात हे फार कामाचं.

आम्ही फेटमधला सामू मोजायचा प्रयोग उघडला. सामू म्हणजे पदार्थ किती आम्लधर्मी किंवा किती अल्कधर्मी, ते सांगणारा आकडा. शुद्ध पाणी सातावर. लिंबू-संत्र्यासारखं आंबट साताच्या खाली, साबण साताच्या वर. पडद्यावर नळी साफ करायचं रसायन होतं, त्याचा आकडा १३.

आमच्यातली एक ताई धुण्याभांड्याची, बाथरूम धुण्याची कामं करते. बोटांची सालं निघालेली. ती म्हणाली, "मी त्यात निम्मं पाणी घालते, म्हणून हातमोजे लागत नाहीत."

मुलीने विचारलं, "मावशी, निम्मं पाणी घातलं तर आकडा किती होईल? अंदाज सांग."

ताई म्हणाली दहा. दुसरी म्हणाली आठ. मुलीने पाण्याचा नळ सोडला. जेवढं रसायन तेवढंच पाणी झालं, आणि आकडा जेमतेम हलला. तेरावरून १२.७. सगळ्या गप्प. मग मुलीनेच पुस्तक काढून सांगितलं, की सामूची एकेक पायरी दहापटीची असते. एक पायरी खाली यायला एकूण द्रव दहापट व्हावा लागतो. आम्ही पुन्हा पुन्हा पाणी ओतलं, थोडं सोडून दिलं, परत ओतलं. आकडा साताकडे सरकत गेला, पण साताच्या खाली काही गेला नाही.

ताई दुसऱ्या दिवशी कामाच्या घरी हातमोजे मागून आली. हे तिला आधी कोणी सांगितलं नव्हतं असं नाही. पण स्वतःचा अंदाज चुकलेला तिने स्वतः पाहिला.

मैत्रिणींनो, मोबाइलमधला प्रयोग सिनेमासारखा नुसता बघायचा नसतो. आधी अंदाज सांगायचा, मग बोट लावायचं, आणि अंदाज चुकला तर का चुकला ते बोलायचं. इथं चुकलं तर काचेचं भांडं फुटत नाही, हात भाजत नाही, कोणी ओरडत नाही. मागच्या बाकावरच्या मुलीला हेच हवं असतं.

पण पडद्याला वास नाही, चव नाही. म्हणून घरीही एक प्रयोग करा. हळद पाण्यात कालवून कागदाला लावा आणि वाळवा. त्यावर साबणाच्या पाण्याचा थेंब टाका, लाल होईल. त्याच जागी लिंबू पिळा, परत पिवळा. साडीवरचा हळदीचा डाग साबण लावल्यावर लाल का होतो, ते आम्हाला इतक्या वर्षांनी कळलं.

एक मात्र लक्षात ठेवा. संडास धुवायचं ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर कधीही एकत्र करू नका. त्यातून क्लोरीन हा विषारी वायू सुटतो. असले प्रयोग घरी करायचे नाहीत.

तुमच्या गटाला आमचं एवढंच सांगणं. आठवड्यातून अर्धा तास मोबाइल मुलीच्या हातात द्या, आणि शेजारी बसा. आपण शिकलेल्या असो-नसो, "तुझा अंदाज काय?" एवढं तर विचारता येतं.

ती मुलगी आता विज्ञान नको म्हणत नाही. पुढच्या बैठकीत ती विजेचा प्रयोग दाखवणार आहे. आमचे अंदाज आम्ही आधीच वहीत लिहून ठेवलेत.