तांबेऱ्याची नवी पिढी



गव्हाच्या खोडावर तांबूस, पुढे काळे फोड आले की शेतकरी म्हणतो, तांबेरा पडला. हा रोग एका सूक्ष्म बुरशीचा. राय या धान्यातून गव्हात आणलेल्या ‘एसआर ३१’ जनुकाने अनेक वर्षे जगभरच्या कित्येक वाणांना तिच्यापासून राखले. परंतु १९९८ साली युगांडात अशाच वाणांवर तांबेरा आढळला. त्या बुरशीला ‘यूजी ९९’ हे नाव पडले. २००७ साली ती इराणमध्येही आढळली.

ही बुरशी उपजली कशी? तिच्या पेशीत दोन केंद्रके नांदतात व प्रत्येकात जनुकांचा पूर्ण संच असतो. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आले की, यूजी ९९चे एक केंद्रक आफ्रिकेतील एका जुन्या तांबेऱ्याच्या केंद्रकाशी जवळजवळ तंतोतंत जुळते. म्हणजे दोन बुरशींचे धागे एकत्र आले आणि लैंगिक मीलनावाचून अख्खे केंद्रक एकीकडून दुसरीकडे गेले! शिवाय जनुकांतील लहान बदल चालूच असतात.

तेव्हा एकाच जनुकावर विसंबणे म्हणजे सारे घर एका कुलपावर सोपविणे होय. एका वाणात अनेक प्रतिकारक जनुके गुंफावी लागतात आणि तीही पुनःपुन्हा पारखावी लागतात. आपल्या महाबळेश्वरी गव्हाच्या तांबेऱ्यावर संशोधन करणारे केंद्र आहे. मित्रहो, शत्रू रोज शिकतो आहे. आपल्याला शिक्षण थांबवून कसे चालेल?