फॅरोच्या राज्यातील संप



प्राचीन इजिप्तचा राजा तिसरा रामसेस याच्या कारकिर्दीविषयीचे दोन दस्तऐवज आज युरोपातील संग्रहालयांत आहेत. पहिला लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. ‘हॅरिस पपायरस’ या नावाने ओळखला जाणारा हा कागद सुमारे ४१ मीटर लांब आहे. राजाने देवस्थानांना काय काय दिले, याचा तो हिशेब. एकट्या थीब्जच्या आमोन देवाच्या नावावर ८६,४८६ माणसे, ४,२१,३६२ जनावरे आणि ८,६४,१६८ अरूरा जमीन तीत नोंदली आहे. एक अरूरा म्हणजे सुमारे २७ गुंठे. माणसे आणि जनावरे एकाच यादीत यावीत, याचे त्या कारकुनांना काही वाटले नसावे. आपल्या राज्यात स्त्रिया निर्धास्तपणे हव्या तिकडे जाऊ शकत होत्या आणि सर्वत्र झाडे लावली होती, असेही राजा याच कागदात सांगतो.

दुसरा दस्तऐवज इटलीतील तुरीन येथे आहे. तो अमेननख्त नावाच्या कारकुनाने लिहिला असावा, असे बहुतेक अभ्यासक मानतात. याच राजाच्या २९व्या वर्षी, म्हणजे इ. स. पू. ११५७च्या सुमारास, राजाचे थडगे खोदणाऱ्या कारागिरांनी काम बंद केले, त्याची ही हकीकत. मानवी इतिहासात लेखी नोंद झालेला हा सर्वांत जुना संप होय. पहिल्या दस्तऐवजात त्याचा अर्थातच उल्लेख नाही.

हे कारागीर कोण होते? लक्सॉरसमोर, नाईलच्या पश्चिम तीरावरील टेकड्यांच्या कुशीत आज देर अल्-मदिना म्हणून ओळखले जाणारे गाव आहे. तटाच्या आत ६८ घरे, बाहेर आणखी काही. पाथरवट, चितारी, गिलावा करणारे आणि कारकून अशी ही वस्ती. ‘राजांच्या खोऱ्या’तील थडगी सुमारे चार शतके याच वस्तीने घडवली. गावात पाणी नव्हते. ते गाढवांवरून आणावे लागे. विहिरीसाठी म्हणून खणला असावा असा एक प्रचंड खड्डा कोरडाच निघाला आणि गावाने त्याचा उकिरडा केला. बर्नार ब्रुयेर या फ्रेंच उत्खननकाराला त्या उकिरड्यात लिखाण असलेली हजारो खापरे आणि दगडाच्या चिपा मिळाल्या. इजिप्तच्या सामान्य माणसाविषयी जे ज्ञान आज उपलब्ध आहे, त्याचा मोठा भाग या केरातून आला आहे.

दुसऱ्या रामसेसच्या ४०व्या वर्षीचा एक हजेरीपट अशाच चिपेवर आहे. कोण का आला नाही, हे त्यात नावानिशी लिहिले आहे: एक आजारी, दुसऱ्याला विंचू चावला, तिसरा बियर गाळीत होता. पुढच्या काळातील, इ. स. पू. ११४५च्या सुमाराचे, नौनख्ते या वृद्धेचे मृत्युपत्रही उपलब्ध आहे. म्हातारपणी ज्या मुलांनी सांभाळले नाही, त्यांना तिने आपल्या मालमत्तेतून वगळले. स्त्रीला स्वतःची मालमत्ता होती आणि ती कोणाला द्यावी हे ती साक्षीदारांसमोर सांगू शकत होती.

या गावचे अर्थकारण लक्षात घेतल्याखेरीज संपाचा उलगडा होत नाही. नाणे नव्हते. कारागिराला महिन्याला चार खार गहू आणि दीड खार जव मिळे. खार म्हणजे सुमारे ७६ लिटर. गहू भाकरीसाठी, जव बियरसाठी. मासे, भाजी, सरपण सरकारी नोकर पोचवीत. घरात खाऊन उरलेले धान्य विनिमयाला लागे. वस्तूंची किंमत तांब्याच्या वजनात मोजली जाई. धान्यात मजुरी घेणाऱ्याला महागाईची झळ लागत नाही. उलट शिल्लक धान्याला अधिक मोल येते. मात्र ते वेळेवर मिळाले पाहिजे. या गावाला स्वतःची शेती जवळजवळ नव्हती; थकबाकी म्हणजे थेट उपास. संप मजुरीवाढीसाठी नव्हता, ठरलेली मजुरी हाती पडावी म्हणून होता.

महिन्याचे १८ दिवस उलटले तरी धान्य आले नाही, तेव्हा कारागिरांनी स्मशानभूमीच्या पाच चौक्या ओलांडल्या आणि तिसऱ्या थुतमोसच्या मंदिरामागे बसकण मारली. पुढील दोन दिवसांत ते दुसऱ्या रामसेसच्या मंदिरात शिरले. जागा नेमकी निवडली होती. त्या मंदिराभोवती धान्याची कोठारे होती. भूक आणि तहान यांनी आपल्याला येथे आणले आहे, कपडा नाही, तेल नाही, मासे नाहीत, भाजी नाही, हे फॅरोला आणि महामंत्र्याला कळवा, अशी त्यांची मागणी होती. पोलिसांचा मुख्य मेंतुमोस याने तर त्यांना बायकामुले घेऊन यावयास सांगितले आणि दुसऱ्या मंदिरात स्वतः पुढे होऊन नेण्याची तयारी दाखवली. मागील महिन्याचे धान्य मिळाले. पुढच्या महिन्यात पुन्हा तेच.

महामंत्री ता राजाच्या तिसाव्या वर्षाच्या उत्सवासाठी दक्षिणेकडील देवमूर्ती आणण्यात गुंतला होता. तो स्वतः भेटला नाही. कोठारातच काही नसले तरी सापडेल ते देईन, असा निरोप त्याने धाडला. अर्धा शिधा मिळाला.

याला आजच्या अर्थाने वर्गसंघर्ष म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. फॅरोच्या सत्तेला कोणी आव्हान दिले नाही. तक्रार त्याच्याकडेच होती. तथापि एका टप्प्यावर ते स्पष्ट म्हणाले की केवळ भुकेने आम्ही बाहेर पडलेलो नाही, फॅरोच्या या जागी गैरकृत्ये झाली आहेत. भाकरीची मागणी तेथे हिशेबाच्या मागणीपर्यंत गेली. शिवाय हे कारागीर इतरांच्या मानाने सुस्थितीत होते, हेही विसरून चालणार नाही. त्यांचा गहू पिकवणाऱ्या शेतकऱ्याच्या घरातील खापरे कोणी जपली नाहीत. तो आढळतो तो मुख्यतः करवसुलीच्या आकड्यांत.

पुढील राजांच्या काळात धान्याचे भाव कित्येक पटींनी चढले आणि शिधा पुनःपुन्हा थकला. संपाच्या दिवसांतच एका कारागिराने, मला येथून हटवलेत तर थडगे फोडीन, अशी शपथ घेतली होती. सुमारे अर्ध्या शतकानंतर नवव्या रामसेसच्या काळी थडग्यांच्या चोऱ्यांची चौकशी झाली, तेव्हा याच वस्तीतील काही कारागिरांची नावे निघाली. विसाव्या राजवंशाच्या अखेरीस टेकड्यांतील ती घरे असुरक्षित झाली. उरलेली कुटुंबे मेदिनेत हाबू येथे, तिसऱ्या रामसेसनेच बांधलेल्या मंदिराच्या तटाआड राहावयास गेली.