उघडता येईल ते घ्यावं

(न्यू जर्सीतील वसंत व्याख्यानमालेत दिलेलं व्याख्यान, थोडं संक्षिप्त करून)

मंडळी, पत्रिकेत माझ्या नावापुढे ‘यंत्रं आणि आधुनिक जीवन’ असा भारदस्त विषय छापला आहे. मी आयुष्यभर पान्यांशी खेळलेला माणूस. आधुनिक जीवनाचं मला फारसं कळत नाही; घर, गाडी आणि मिक्सर यांच्याबद्दल मात्र ठाम मतं आहेत. सगळ्या मतांच्या मुळाशी एकच गोष्ट आहे. वस्तू किती वर्षं चालेल हे नंतर विचारा, बिघडल्यावर ती उघडणार कोण हे आधी विचारा.

घरापासून सुरुवात करतो. तुमच्याकडे आई-वडील आले की पहिल्या आठवड्यात भिंतीवर टकटक करतात आणि म्हणतात, ‘अरे, ही तर पुठ्ठ्याची!’ पुठ्ठ्याची नाही, जिप्समची. दोन्ही बाजूंना कागद चिकटवलेला पाटा, जाडी बहुधा अर्धा इंच. त्यामागे लाकडाचे उभे दांडे, म्हणजे स्टड, मध्यापासून मध्यापर्यंत १६ इंचांवर. १६च का? पाटा ४ फूट बाय ८ फुटांचा, म्हणजे ४८ आणि ९६ इंच. दोन्हींना १६ने पूर्ण भाग जातो, म्हणून पाटा कसाही लावा, त्याची कड बरोबर दांड्यावर येते. ‘टू बाय फोर’ म्हणून विकलं जाणारं लाकूड प्रत्यक्षात दीड बाय साडेतीन इंचच भरतं. नवख्या माणसाला यात फसवणूक दिसते, पण न्यू जर्सीत घ्या की ओरेगनमध्ये, दीड-साडेतीन म्हणजे दीड-साडेतीनच.

हलक्या चौकटीच्या घरांची ही रीत १८३०च्या दशकात शिकागोकडे रुजली. पुढे १९०८पासून सीअर्स कंपनी कॅटलॉगमधून अख्खं घर विकू लागली. लाकूड, खिळे, रंग, नकाशा, सगळं रेल्वेच्या डब्यातून यायचं आणि कित्येक मालक शेजाऱ्यापाजाऱ्यांना हाताशी धरून ते स्वतः उभं करायचे. माणसाने स्वतः उभारलेलं घर त्याला स्वतःच दुरुस्तही करता येतं. भिंतीतली पाण्याची नळी गळली? चौकोन कापा, नळी बदला, त्याच मापाचा तुकडा बसवा, सांधे भरा, रंग फिरवा. आपल्याकडे हीच गळती विटांच्या भिंतीत झाली की छिन्नी-हातोडा घेऊन गवंडी येतो, आणि नंतर त्याच रंगाची टाइल साऱ्या शहरात मिळत नाही.

तेव्हा पुठ्ठ्याला हसू नका, पाण्याला घाबरा. छपराच्या पन्हळी पानांनी तुंबल्या की पाणी पायाशी मुरतं आणि लाकूड आतून कुजायला लागतं. नोव्हेंबरमध्ये पन्हळी साफ करायला जो कंटाळतो, त्याने ग्रॅनाइटच्या ओट्यावर पैसे घालू नयेत.

आता मिक्सर. इथली वीज १२० व्होल्ट, ६० हर्ट्‌झ. आपली २३० व्होल्ट, ५० हर्ट्‌झ. बॅगेतून आणलेला मिक्सर ट्रान्सफॉर्मरवर चालतो, कारण त्याची मोटर कार्बन ब्रशची असते आणि तिला हर्ट्‌झचं सोयरसुतक नसतं. फक्त मिक्सर ७५० वॅटचा असेल तर ट्रान्सफॉर्मर निदान दीड हजारांचा घ्या, नाहीतर खोबरं वाटताना तोच आधी तापेल. इथल्या घरातही २४० व्होल्ट असतात, कपडे वाळवायच्या यंत्रामागे. तिथे मिक्सर लावायची कल्पना कुणाच्या डोक्यात आली असेल तर ती तिथेच राहू द्या.

हत्यारांबद्दल थोडक्यात. अमेरिकेने मेट्रिक मापांचा कायदा १९७५ साली केला, पण सक्ती केली नाही. परिणाम असा, की घर इंचात आणि गाडी मिलिमीटरमध्ये. सॉकेटचे दोन्ही संच लागतात. १० मिलिमीटरचे दोन घेऊन ठेवा, कारण एक हमखास हरवतो.

गाडीविषयी लोक मला ब्रँड विचारतात. मी विचारतो, थंडीत ती खालून धुता का? इथे बर्फावर मीठ टाकतात आणि मीठ इंजिनाला नाही, तळाला खातं. इंजिन ठणठणीत आणि ब्रेकची नळी गंजून फुटली, अशा गाड्या मी पाहिल्या आहेत. दुसरं, १९९६पासून इथे विकल्या जाणाऱ्या प्रत्येक पेट्रोल गाडीत स्टिअरिंगखाली १६ पिनांची एक खोबण असते. साधा स्कॅनर तिथे लावला की इंजिनाचा दिवा का पेटला त्याचा कोड कळतो. सुट्या भागांची कित्येक दुकानं तो फुकट वाचून देतात, अनामत घेऊन हत्यारंही वापरायला देतात. कोड म्हणजे निदान नव्हे, पण गॅरेजवाल्यासमोर तुम्ही अगदी कोरे उभे राहत नाही. आणि बाहेर तेल बदललं तर वॉरंटी जाईल, असं कोणी म्हटलं तर १९७५च्या मॅग्नसन-मॉस कायद्याचं नाव घ्या. एवढ्या कारणावरून वॉरंटी नाकारता येत नाही. पावत्या मात्र जपा.

आता अवघड जागेकडे येतो. फोर्डचं मॉडेल टी १९०८ ते १९२७ या काळात दीड कोटीच्या वर खपलं, आणि शेतकरी ते स्वतःच्या गोठ्यात उघडून बसायचे. त्याच देशात आज शेतकऱ्याने ट्रॅक्टरचा सेन्सर बदलला, तर नव्या भागाला ‘ओळख’ देण्यासाठी कंपनीच्या डीलरचा लॅपटॉप लागू शकतो. ऐन सुगीत! आपल्याकडे लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर काढला तेव्हा शेतकरी तो घेईनात, लोखंडाने जमीन विषारी होते म्हणून. ती शंका खोटी निघाली. इथल्या शेतकऱ्याची शंका लोखंडाबद्दल नाही, सॉफ्टवेअरबद्दल आहे, आणि ती मला रास्त वाटते. लक्ष्मणरावांचे चिरंजीव शंतनुराव याच देशात, एमआयटीत, यंत्रविद्या शिकले. तेव्हा बंद पडलेल्या ट्रॅक्टरला कुणाच्या परवानगीची वाट पाहावी लागत नव्हती.

इथले लोक गप्प बसलेले नाहीत. कोलोरॅडोने २०२३मध्ये शेतीयंत्रांच्या दुरुस्तीच्या हक्काचा कायदा केला. जानेवारी २०२५मध्ये फेडरल ट्रेड कमिशनने इलिनॉय आणि मिनेसोटा या राज्यांसह जॉन डिअर कंपनीवर खटला भरला. मोटारींच्या बाबतीत मॅसॅच्युसेट्स पुढे. २०१२मध्ये तिथल्या मतदारांनी ठरवलं, की कंपनी आपल्या डीलरला जी माहिती देते ती कोपऱ्यावरच्या गॅरेजलाही मिळाली पाहिजे. मग गाड्या माहिती तारेऐवजी हवेतून थेट कंपनीकडे पाठवू लागल्या. २०२०मध्ये पुन्हा मतदान झालं, सुमारे तीन चतुर्थांश मतं हक्काच्या बाजूने पडली आणि कार कंपन्यांच्या संघटनेने त्याच महिन्यात कोर्टात धाव घेतली.

तुमच्यातल्या अनेकांची मुलं आता विजेची गाडी घ्या म्हणून मागे लागली आहेत. माझा विरोध नाही. तेल नाही, स्पार्क प्लग नाही, बिघडायला मुळात भाग कमी. बॅटरीवर सहसा ८ वर्षं किंवा १ लाख मैलांची हमी असते, ती अक्षर न अक्षर वाचा. स्वतःचं गॅरेज असेल तर मघाचे ते २४० व्होल्ट इथे कामी येतात. त्यासाठी परवानाधारक इलेक्ट्रिशियनला बोलवा. अपार्टमेंटमध्ये राहत असाल आणि चार्जर दोन मैलांवर असेल, तर हायब्रीड घ्या, वाद घालू नका. आणि सही करण्याआधी सेल्समनला शून्य ते साठ किती सेकंदांत ते विचारू नका. डीलर सोडून या गावात हिचं बॉनेट कोण उघडतो, ते विचारा, आणि तो नाव सांगेपर्यंत पेन खिशातून काढू नका.