सोनारानेच कान टोचावे

(मंडळाच्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाच्या वेळी केलेले भाषण)



चिटणीसबाईंनी मला चार शब्द बोलायला सांगितले तेव्हा मी आधी नाहीच म्हटले. माझे शिक्षण सातवीपर्यंत. पोळपाटापाशी हात चालतो, पण सभेत उभे राहिले की पाय लटपटतात. त्या म्हणाल्या, "तुमच्या घरात जे घडले तेच सांगा. चारचौघींच्या उपयोगी पडेल." म्हणून उभी राहिले आहे. काही चुकले तर पदरात घ्यावे.

कान-नाक टोचणे आपल्याला नवे नाही. सोनाराला बोलवायचे, बाळाला मांडीवर घट्ट धरायचे, सोन्याची तार आरपार गेली की बाळ किंचाळते, मग जिभेला गूळ लावायचा आणि भोकाला हळद-खोबरेल. माझे नाक सातव्या वर्षी टोचले. चांगले पंधरा दिवस पिकले होते. पण टोचले की पिकायचेच, अशी तेव्हा समजूत. कोणी काळजी केली नाही.

आता माझ्या धाकटीची गोष्ट. ती एकोणीस वर्षांची, शहरात वसतिगृहात राहून शिकते. एकदा घरी आली तेव्हा भाकरी खाता खाता म्हणाली, "आई, मी जीभ टोचून घेऊ? त्यात मण्याची दांडी घालतात." माझ्या हातातला घास तसाच राहिला. मी म्हटले, "पुन्हा हा विषय काढलास तर कॉलेज बंद!" सासूबाई म्हणाल्या, "अगो, तिकडे तमिळ मुलखात तैपूसमच्या उत्सवात मुरुगनाचे भक्त जिभेतून बारीक भाला घालतात. पण तो नवस. ही काय थेरं!" पोरगी गप्प बसली. मला वाटले, मिटले.

महिन्याभराने फोनवर तिचे बोलणे बोबडे येऊ लागले. विचारले तर म्हणे दाढ दुखते. चौथ्या दिवशी घरी आली ती तोंडाला ओढणी लावूनच. अंगात ताप, जीभ सुजून दातांत मावेना, हनुवटीच्या खाली गळ्याशी गाठीसारखी सूज, आणि थुंकी गिळतानाही डोळ्यांत पाणी. तिने बाजारातल्या एका दुकानात टोचून घेतले होते. सासूबाई हळद-तूप घेऊन धावल्या. मी दांडी उपसायला हात घातला. तेवढ्यात थोरली म्हणाली, "आई, हात लावू नकोस. आधी डॉक्टरांकडे."

डॉक्टरीणबाईंनी तिला तपासले आणि सांगितले की जंतू गळ्याकडे उतरू लागले आहेत. आणखी दिवस गेला असता तर सूज वाढून श्वासच अडला असता. दांडी आपल्या हाताने काढू नये, कारण भोक वरून मिटते आणि पू आत कोंडतो. औषधे, इंजेक्शने झाली आणि पोरगी वाचली.

त्या बाईंनी मग आम्हा दोघींना समोर बसवून जे समजावले, ते मी वहीत उतरवून घेतले.

जीभ म्हणजे कानाची पाळी नव्हे. तिच्यात रक्ताच्या मोठ्या शिरा आहेत, त्या तुटल्या तर रक्त थांबता थांबत नाही. तोंडात जंतू नेहमीच असतात आणि जखम कधी कोरडी राहत नाही. सुई दुसऱ्याला वापरलेली असेल तर 'ब' आणि 'क' जातीची कावीळ, एड्सचे जंतू अंगात शिरू शकतात. 'ब' काविळीची आणि धनुर्वाताची लस मिळते, ती आधीच घेतलेली असावी. हृदयाच्या झडपेचा विकार, मधुमेह किंवा रक्त पातळ करणारी औषधे असतील त्यांनी या वाटेला जाऊच नये.

सगळे नीट झाले तरी जखम भरायला चार ते सहा आठवडे लागतात. पहिले काही दिवस सूज यायचीच, म्हणून आधी लांब दांडी घालतात आणि सूज उतरल्यावर आखूड बदलून घेतात. या दिवसांत जेवणानंतर उकळून गार केलेल्या मीठ-पाण्याने गुळण्या कराव्यात. एका पेल्याला पाव चमचा मीठ पुरे. गार पेज, मऊ भात खावा. तिखट, कढत, तंबाखू, दारू वर्ज्य. हात धुतल्याशिवाय दांडीला शिवू नये. किंचित पांढरट पाणी आले तर घाबरू नये. पण ताप, घाण वासाचा पू, आठवड्यानंतरही वाढती सूज, किंवा गिळताना-श्वास घेताना त्रास झाला, तर त्याच घटकेला दवाखाना गाठावा.

हे सांगून झाल्यावर त्या माझ्याकडे वळल्या. म्हणाल्या, "बाई, तुमची मुलगी तुम्हाला आधी विचारायला आली होती. तेव्हा तिला माझ्याकडे आणले असते तर हे सगळे ऐकून कदाचित तिनेच नको म्हटले असते. निदान दुखायला लागल्या दिवशी तरी ती लपली नसती." भगिनींनो, मी मान खाली घातली. सोनारानेच कान टोचावे म्हणतात. त्या दिवशी टोचले गेले ते माझे कान.

सूज गेल्यावर पोरीने दांडी ठेवली. मी या खेपेस रागावले नाही. सहा महिन्यांनी दातांच्या डॉक्टरांनी तिला आरसा दाखवला. मणी सारखा आपटून खालच्या पुढच्या दातांमागची हिरडी खाली सरकली होती आणि एका दाढेचा टवका उडाला होता. तिने घरी येऊन आपण होऊन दांडी काढली. भोक थोड्याच दिवसांत बुजले. हिरडी मात्र आपोआप पूर्वीसारखी होत नाही, असे ते म्हणाले.

आपल्या मुली आज ना उद्या काहीतरी विचारतील. नाक असेल, जीभ असेल, आणखी काही असेल. आपल्याला पटले नाही तर नाही म्हणावे, तो आपला हक्क आहे. पण दार लावून घेऊ नये. "चल, जाणत्या माणसाला विचारू," एवढे म्हटले तरी पोर आपल्या हाताशी राहते. माझी पोर चार दिवस ताप अंगावर काढत राहिली, ती सुईपेक्षा माझ्या बोलण्याला भ्याली म्हणून. हे मला आजही रात्री आठवते.

आता वाण वाटायची वेळ झाली. तिळगूळ घ्या, गोड बोला, असे आपण सगळ्यांना म्हणतो. ते आधी घरातल्या मुलीशी बोलून पाहूया. एवढे सांगून मी माझे चार शब्द पुरे करते.