शाळकरी प्रेमकथा : गोडी आणि खोड



वसंत व्याख्यानमालेचे व्यासपीठ म्हणजे भारदस्त विषयांचे व्यासपीठ, अशी आपल्याकडे समजूत आहे. आणि ती खोटी नाही. न्यायमूर्ती रानड्यांच्या पुढाकाराने १८७५ साली पुण्यात ही प्रथा सुरू झाली, तेव्हापासून गावोगावच्या अशा मांडवांनी अर्थकारण ऐकले, धर्मसुधारणा ऐकली, इतिहास ऐकला. तेव्हा कोरियातल्या शाळकरी प्रेमाच्या विनोदी मालिका आणि आपल्याकडील त्यांची भावंडे, हा विषय जाहीर होताच कोणी कपाळाला आठ्या घातल्या असतील, तर आमची तक्रार नाही. आमचे म्हणणे एवढेच की, घरातली चौदा-पंधरा वर्षांची मुले ज्या गोष्टीत रात्र रात्र रमतात, ती घरातल्या वडील माणसांनी एकदा तरी नीट तपासून पाहावी. न पाहता नाक मुरडणे सोपे आहे, आणि न पाहता कौतुक करणेही तितकेच सोपे आहे.

आपले वडखळ हे नाक्याचे गाव. मुंबई-गोवा महामार्गाला अलिबागचा रस्ता फुटतो तो येथेच. सकाळी खारेपाटातल्या गावांमधून शाळा-कॉलेजची मुले एस.टी.ने, विक्रमने नाक्यावर येतात आणि पुढच्या गाडीची वाट पाहत उभी राहतात. हातात मोबाईल असतो, आणि त्यात कधी कधी सोल शहरातली एखादी शाळा चाललेली असते, हिंदी बोलणारी. भाषा परकी, नावे परकी, जेवणातल्या काड्याही परक्या; तरी आमच्या मुलीला त्या शाळेतल्या मुलीचे मन कळते. हे कशामुळे होते, हा आजचा पहिला प्रश्न. आणि त्या गोडीबरोबर पोटात काय जाते, हा दुसरा.

ज्यांनी ही मालिका पाहिलेली नाही त्यांच्यासाठी नमुन्याला दोन सांगतो. २००९ साली कोरियन दूरचित्रवाणीवर 'बॉइज ओव्हर फ्लॉवर्स' ही पंचवीस भागांची मालिका आली. मूळ कथा योको कामिओ या जपानी लेखिकेच्या चित्रकथेतली. कपडे धुऊन देणाऱ्या दुकानदाराची मुलगी गुम जान-दी हिला धनिकांच्या शाळेत प्रवेश मिळतो. तेथे चार श्रीमंत पोरांचे राज्य. त्यांचा म्होरक्या गू जुन-प्यो. ज्याच्या नावाने ते लाल चिठ्ठी काढतील त्याचा साऱ्या शाळेने छळ करायचा. जान-दी त्याला भीत नाही, आणि म्हणून तो तिच्यावर भाळतो. दुसरी मालिका 'ट्रू ब्यूटी', २०२० च्या डिसेंबरात सुरू झालेली, सोळा भागांची. रूपावरून छळली गेलेली लिम जू-ग्योंग रंगरंगोटीची कला शिकते, नव्या शाळेत सुंदर मुलगी म्हणून मिरवते, आणि आपला खरा चेहरा कोणाला दिसेल या धास्तीत दिवस काढते.

आता गोडी कशात आहे ते पाहू. पहिली गोडी सावकाशीची. आपल्या सिनेमात नायक-नायिका पहिल्या गाण्यात भेटतात आणि तिसऱ्या गाण्यात आणाभाका घेतात. येथे हाताला हात लागायला पाचपाच, सहासहा भाग जातात. पावसात कोणी छत्री पुढे केली, कोणी वही परत करताना क्षणभर थांबले, एवढ्यावर एक भाग उभा राहतो. पंधराव्या वर्षी मनाची गती अशीच असते. मोठ्यांना ज्या गोष्टी क्षुल्लक वाटतात त्यांचे त्या वयात डोंगर झालेले असतात, आणि ही मालिका त्या डोंगरांना हसते खरी, पण त्यांना ढेकूळ म्हणत नाही.

दुसरी गोडी घराची. या नायिका आभाळातून पडलेल्या नसतात. त्यांना रागावणारी आई असते, पैशाच्या विवंचनेतला बाप असतो, डोक्यावर बसलेले भावंड असते. आणि तिसरी, परीक्षेची. कोरियात दर नोव्हेंबरात विद्यापीठ-प्रवेशाची एक मोठी परीक्षा होते. तीत इंग्रजी ऐकून उत्तरे लिहिण्याचा भाग चालू असताना देशभर विमाने उतरत नाहीत आणि उडत नाहीत, आवाज होऊ नये म्हणून! दहावीच्या निकालादिवशी घरातले वातावरण कसे असते हे ज्याने पाहिले आहे, त्याला त्या देशाची ओळख आणखी करून द्यायला नको. अभ्यासाच्या त्या जात्यात भरडल्या जाणाऱ्या मुलांना ही प्रेमकथा म्हणजे मधल्या सुटीची घंटा वाटते.

मात्र ही गोडी कोरियातून आली, आपल्याकडे नव्हती, असे कोणी समजू नये. ना. सी. फडक्यांची 'जादूगार' कादंबरी १९२८ ची. त्या कादंबऱ्यांतली सुशिक्षित तरुण-तरुणींची प्रेमे महाराष्ट्राने पिढ्यान् पिढ्या वाचली, आणि पुष्कळांनी ती अभ्यासाच्या पुस्तकाआड धरून वाचली. पुस्तकाच्या जागी आता मोबाईल आला, एवढाच फरक.

पण फडक्यांच्याही मागे जाऊ, कारण खरा मुद्दा तेथे आहे. १८९९ साली देवलांचे 'संगीत शारदा' रंगभूमीवर आले. शारदेच्या वयाच्या मुलीपुढे प्रश्न होता तो म्हातारा नवरा चुकवायचा कसा, हा. वर्गातल्या मुलाने वही मागितली तर द्यावी की न द्यावी, हा प्रश्न तिला पडूच शकत नव्हता. कारण ती वर्गातच नव्हती. जोतीराव आणि सावित्रीबाईंनी पुण्यात मुलींची शाळा काढली १८४८ साली. मुलीच्या लग्नाचे वय कायद्याने चौदा झाले १९२९ साली, आणि अठरा झाले १९७८ साली. म्हणजे पंधरा वर्षांची मुलगी दप्तर घेऊन बाकावर बसलेली आहे, या एका साध्या दृश्यामागे सव्वाशे-दीडशे वर्षांची झुंज आहे. शाळकरी प्रेमकथेला लागणारी पहिली वस्तू म्हणजे शाळेतली मुलगी. म्हणून अशी कथा समोर आली की आम्ही तिला एकच प्रश्न विचारतो : कथा संपली तेव्हा मुलीच्या दप्तराचे काय झाले?

या प्रश्नाच्या कसोटीवर आधी आपलीच नाणी वाजवून पाहू. मिलिंद बोकील यांची 'शाळा' ही कादंबरी २००४ साली प्रसिद्ध झाली, आणि सुजय डहाके यांनी तिच्यावर केलेला चित्रपट २०१२ च्या जानेवारीत सर्वत्र लागला. आणीबाणीचा काळ, नववीचा वर्ग, अर्धवट बांधलेल्या इमारतीत जमणारी चार मित्रांची चौकडी, आणि जोश्याच्या मनात घर करून बसलेली शिरोडकर. त्या वयाची भाषा, भीती आणि फुशारकी इतकी खरी क्वचितच उतरली असेल. पण सारे दिसते ते जोश्याच्या डोळ्यांनी. शिरोडकर कशी दिसते, कोठे बसते, कोणत्या रस्त्याने घरी जाते हे आपल्याला पाठ होते. ती रात्री अंथरुणावर पडून काय विचार करते हे मात्र कळत नाही. याच कथेत सुऱ्या केवड्याला विचारायला जातो आणि ती घरी सांगते. चौकडीवर संकट कोसळते आणि आपला जीव चौकडीसाठी तुटतो. नको असलेल्या मुलाने वाट अडवल्यावर केवड्याला काय वाटले असेल, हे विचारायला आपण थांबत नाही.

दुसरे उदाहरण रवी जाधव यांचा २०१४ चा 'टाइमपास'. दहावीत गचके खाल्लेला, पेपर टाकणारा दगडू आणि लेल्यांची प्राजक्ता. प्रथमेश परब आणि केतकी माटेगावकर या जोडीने महाराष्ट्राला हसवले आणि डोळेही पुसायला लावले. दगडूचा निरागसपणा खोटा नाही. पण गल्लीत उभे राहायचे, मागे मागे जायचे, आणि तिला हसू येईपर्यंत थांबायचे, ही प्रेमाची रीत त्या हशाबरोबर आपण पचवतो. वडिलांना कळते, ताटातूट होते, आणि पुढच्या भागात पंधरा वर्षांनी भेट. प्रेक्षकाची सारी उत्सुकता दोघे भेटतात की नाही याची. मधल्या वर्षांत तिच्या शिक्षणाचे काय झाले, हा प्रश्न चित्रपटगृहातून बाहेर पडताना फारसा कोणाला पडला नसेल.

नागराज मंजुळे यांनी मात्र भिंत दाखवली. 'फँड्री'तला जब्या शालूकडे पाहतो, पण त्याच्या आणि तिच्या मध्ये जात उभी आहे. शाळेच्या भिंतीवरच्या आंबेडकरांच्या आणि सावित्रीबाईंच्या चित्रांसमोरून त्याला डुक्कर वाहून न्यावे लागते. तेथे दप्तर मुलाचेच सुटू पाहते. २०१६ च्या 'सैराट'मधली आर्ची स्वतःच्या मनाने वागते, टक लावून पाहते, ट्रॅक्टर चालवते. मराठी पडद्यावर मुलीचे मन इतके स्पष्ट बोललेले आम्हांला फारसे आठवत नाही. पण तिचेही कॉलेज सुटते, आणि पुढे प्राणही जातो. आपल्या कथा भिंत खरी दाखवतात, हा त्यांचा मोठा गुण. पण त्या भिंतीपाशी दप्तर पडते ते पडतेच.

आता कोरियन नाणे वाजवू. त्याचा खोटेपणा ऐकू येतो तो प्रथम श्रीमंतीपाशी. गरीब मुलगी आणि अब्जाधीशाचा मुलगा यांच्यातली दरी खरी; पण ती बुजते कशाने? त्याच्या प्रेमाने आणि त्याच्या पैशाने. ज्या मुलाने लाल चिठ्ठी काढून साऱ्या शाळेला मुलीवर सोडले, तोच पुढे नायक होतो आणि त्याच्या बालपणीच्या एकटेपणाचे कारण सांगून त्याचे सारे माफ होते. मनगट धरून ओढणे, घरी उचलून आणणे आणि नवे कपडे चढवणे, हे सारे संगीताच्या साथीने गोड केले जाते. मुलीने 'नको' म्हणणे हा तेथे नकार ठरत नाही. तो पुढच्या भागाचा आरंभ ठरतो. आणि 'ट्रू ब्यूटी'सारखी कथा रूपावरून माणूस मोजू नये असे सांगते, पण सांगायला नेमते ती सारी देखणी माणसे. उपदेश वांग्याचा, आणि ताटात मात्र बासुंदी!

तरीही, श्रोतेहो, दप्तराच्या प्रश्नाला या मालिका एक उत्तर देतात, आणि ते आपण शिकण्यासारखे आहे. जान-दीला शाळेतून पळवून लावण्याचे सारे उपाय होतात. ती शाळा सोडत नाही. शेवटच्या भागात परदेशातून परतलेला जुन-प्यो तिला लग्नाचे विचारायला येतो तेव्हा ती वैद्यकीय शिक्षण घेत असते. जू-ग्योंगचा खरा चेहरा साऱ्या शाळेपुढे उघडा पडतो, ती खोलीचे दार लावून घेते. पण एके दिवशी त्याच चेहऱ्याने पुन्हा वर्गात जाऊन बसते. आमच्या मते नाक्यावरची मुलगी या मालिकेत गुंतते त्याचे हे एक कारण असावे. प्रेम झाले, बोभाटा झाला, हसे झाले, आणि तरीही दुसऱ्या दिवशी शाळा उघडी आहे, हे तिला पाहायला मिळते.

कारण आपल्याकडे काय होते, हे येथे बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. अहिल्याबाई होळकर योजनेखाली खेड्यातल्या मुलीला शाळेपर्यंत एस.टी.चा मोफत पास मिळतो. तो पास हाती असतो, बस वेळेवर येते. आणि एके दिवशी गावात कुजबुज उठते की अमुक मुलगी तमुक मुलाशी बोलताना दिसली. मुलाला घरी दोन थपडा बसतात, आणि सोमवारी तो शाळेत जातो. मुलीची शाळा मात्र बंद होते आणि स्थळे पाहणे सुरू होते. कधी तर बोलणेही झालेले नसते. एखादा पोरगा सिनेमातला दगडू होऊन रोज मागे येत असतो, एवढाच तिचा गुन्हा. २०१३ पासून असा पाठलाग हा कायद्याने स्वतंत्र अपराध आहे. पण मुलगी घरी सांगत नाही. सांगितले की पोराचा पाठलाग थांबायच्या आधी आपली शाळा थांबेल, हे तिला पक्के माहीत असते. पाठलाग करणाऱ्याला याहून मोठे संरक्षण कोणते हवे?

तेव्हा मोबाईल काढून घ्यावा की नाही, या वादात आम्ही पडत नाही. काढून घेतलेली कादंबरी मागच्या पिढीनेही दुसरीकडून मिळवलीच होती. आमची सूचना अधिक सोपी आणि म्हणूनच अधिक अवघड आहे. एखादा भाग मुलीशेजारी बसून पाहावा. मुलाशेजारी बसून तर जरूर पाहावा. त्याने मनगट ओढले तेव्हा विचारावे, 'हे तुला बरे वाटले का रे?' आणि मुलीला एक गोष्ट शब्दांत सांगावी, मनात ठेवू नये : 'काही झाले तरी तुझी शाळा बंद होणार नाही.' ज्या घरात हे वाक्य एकदा बोलले गेले, त्या घरातली मुलगी संकटात प्रथम घरी येईल.

आणि या मांडवात कोणी लिहिणारा किंवा लिहिणारी असेल, तर त्यांच्याकडे आमचे एक मागणे आहे. कोरियन कथेपाशी दप्तर शाबूत आहे, पण भिंत पुठ्ठ्याची आहे. मराठी कथेपाशी भिंत खरी आहे, पण दप्तर हरवले आहे. भिंत खरी आणि दप्तर शाबूत, अशी हसती-खेळती मराठी गोष्ट कोणीतरी लिहावी. तिच्यातल्या मुलीला खारेपाटातल्या वाटेवरून नाक्यावर येऊ द्यावे, तिचे मन तिच्याच तोंडून बोलू द्यावे, तिला प्रेमात पडू द्यावे, फसू द्यावे, हसू द्यावे. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तिला आपली एस.टी. गाठू द्यावी.